अधिष्ठात्याच्या हाती झाडू

३ ऑक्टोबर २०२३ चा तो व्हिडिओ वाचकांना आठवत असेल. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले होते. त्यांत १२ नवजात बालके होती. दोन दिवसांत आकडा ३१ वर गेला. तेव्हा हिंगोलीचे तत्कालीन खासदार तेथे पोहोचले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पुढे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्या गुन्ह्याच्या गुणदोषांवर मी येथे लिहीत नाही, ते न्यायालयाचे काम आहे.

पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. सरकारी रुग्णालय चालवतो कोण? खुर्ची अधिष्ठात्याची, हे खरे. परंतु औषधांची खरेदी, पदांची भरती आणि सफाईचा ठेका यांपैकी कशाची किल्ली त्याच्या खिशात असते?

औषधांचेच घ्या. २०१७ साली राज्य शासनाने सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. एकत्र खरेदी केली की भाव कमी पडतो, हा विचार चुकीचा नव्हता. पण निविदा रखडल्या, पुरवठा लांबला आणि स्थानिक खरेदीला मर्यादा असल्याने रुग्णालयांचे हात बांधले गेले. चिठ्ठी लिहून बाहेरच्या मेडिकलमध्ये कोणाला पाठवले जाते, हे आपल्या वस्त्यांतील माणसाला सांगायला नको. शेवटी २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा झाला त्याच वर्षी नांदेड घडले.

एकत्रित खरेदी नीट चालूच शकत नाही काय? पेरियारांच्या तामिळनाडूत ती १९९५ पासून चालू आहे. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळाने जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले. वर्षाला इतक्या रुपयांची औषधे तुमच्या नावे जमा, लागेल तशी गोदामातून उचला, उचललेले पासबुकात मांडा. कोणते औषध संपत आले हे संगणकावर दिसते आणि नमुने तपासल्याशिवाय माल वाटला जात नाही. यात चमत्कार कोणताच नाही, किराणा दुकानदारही असाच हिशेब ठेवतो. आमच्याकडे मात्र साठा संपल्यावर मंत्रालयाला जाग येते, तीही बातमी आल्यावर.

दुसरी गोष्ट त्या बालकांची. त्यावेळच्या बातम्यांनुसार २४ खाटांच्या नवजात कक्षात साठाहून अधिक बाळे होती. ती तेथे आली कशी? खालच्या ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाचे पद रिक्त असले की बाळंतीण वर पाठवली जाते. खासगी दवाखाना पैसे संपेपर्यंत ठेवतो, मग सरकारीचा रस्ता दाखवतो. शिवाय ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचे. रुग्णवाहिका एका खात्यातून निघते आणि दुसऱ्या खात्यात पोहोचते. वाटेत गेलेल्या तीन तासांचा हिशेब कोणत्याच खात्याच्या वहीत नसतो. मृत्यू मात्र शेवटच्या रुग्णालयाच्या नावे लागतो. म्हणून नुसता मृत्यूंचा आकडा मोजून रुग्णालय नालायक ठरवणे हे अर्धवट मोजमाप आहे. खालून किती रुग्ण, किती उशिरा आणि कोणत्या अवस्थेत आले, हेही मोजा.

खासगीतून अत्यवस्थ रुग्ण येतात, ही सबब शासनाने केलीच. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि खासगी दवाखान्यांकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असे सुनावले. पैसा नाही ही सबब तर १९९६ सालीच निकालात निघाली आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, शेवटी खासगीत दाखल व्हावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजारांची भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरवला. ज्या संविधानाने हे दिले ते कोणी लिहिले, हे या वाचकांना सांगत नाही.

आता झाडूकडे येऊ. शौचालय घाण होते, हे मी मान्य करतो. रुग्णालयातील घाण म्हणजे जंतुसंसर्ग, आणि नवजात बाळाला तो जीवघेणा. पण कोणालाही शिक्षा म्हणून झाडू का द्यायचा? कारण या देशात झाडू हे काम मानले जात नाही, ती पायरी मानली जाते. जो रोज ते काम करतो तो कोणाच्या शिक्षेपोटी करतो? सफाई हे कौशल्याचे काम मानले असते, तर खासदारांनी ठेक्याची फाईल मागवली असती. किती कामगार मंजूर, प्रत्यक्षात किती येतात, किती पाळ्यांत, किती पगारावर, हातमोजे कधी दिले?

ही फाईल मी एकदा मागितली आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात आम्ही तिघांनी माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारल्या: मंजूर आणि भरलेली पदे, औषधांचा मासिक साठा आणि सफाई कामगारांचे वेतनपट. पहिल्या दोन मिळाल्या. तिसऱ्याला उत्तर आले की माहिती ठेकेदाराकडे आहे. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ते होते, नव्या श्रमसंहितेनेही ते ठेवले आहे. मग वेतनपट आमच्याकडे नाही असे रुग्णालय म्हणते कसे? आम्ही पहिले अपील केले. सुनावणीच्या दिवशी वेतनपट टेबलावर आला. नऊ नावांपुढे एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या सह्या होत्या. त्यातल्या दोन बायाबापड्या आमच्याबरोबर बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्या अंगठा लावतात. त्या पटाची प्रमाणित प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामगार कार्यालयातल्या तक्रारीला जोडली.