नॅटचे अजित झाले, कन्हानच्या अंगणात

आमच्या कन्हानच्या क्वार्टरमध्ये विमान आले ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून. पुण्याला नोकरीस असलेल्या भाच्याने आमच्या मुलीला दहावी पास झाल्याबद्दल दिलेली ती भेट. खोक्यात करड्या प्लास्टिकचे सुटे भाग, जोडणीचा नकाशा आणि अंगावर चिकटवायची चिन्हे होती. विमान होते एका वैमानिकाचे 'नॅट', खऱ्यापेक्षा 72 पट लहान. किंमत ऐकून सौ. म्हणाल्या, "एवढ्यात सिलिंडर आलं असतं बापा!"

वाचक बंधू-भगिनींनो, हा शौक मोठ्या घरच्या पोरांचा, असे आम्हालाही वाटत होते. आमची उमर खाणीच्या वर्कशॉपात कानस घासण्यात गेली. म्हणूनच पुढे जे घडले ते चार घरांना कळावे, यासाठी हे लिहीत आहोत.

आधी या विमानाविषयी थोडे. नॅट मूळचे इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचे. पेटर नावाच्या अभियंत्याने ते आखले आणि 1955 साली ते प्रथम उडाले. पंखांचा पसारा अवघा 6.73 मीटर. भारताने 1956 मध्ये ते बांधण्याचा परवाना घेतला आणि बंगळूरच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या एच.ए.एल.मध्ये, आपल्या कामगारांनी ते घडवले. 1965 च्या युद्धात या चिमुकल्या विमानाने पाकिस्तानच्या सेबर विमानांशी टक्कर दिली. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर हल्ला झाला, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊनच उडाले आणि धारातीर्थी पडले. वायुदलाला मिळालेले एकमेव परमवीर चक्र त्यांचेच.

पण नॅटमध्ये एक अडचण होती. लांब जायचे तर पंखांखाली तेलाच्या जादा टाक्या लटकवाव्या लागत, मग बॉम्ब आणि रॉकेट लावायला जागा कुठे? एच.ए.एल.च्या लोकांनी यावर तोड काढली. तेल पंखांच्या पोटातच भरले आणि पंखांखालच्या जागा दोनाच्या चार केल्या. हे सुधारलेले विमान म्हणजे 'अजित'. ते 1975 साली प्रथम उडाले आणि 1991 पर्यंत वायुदलात राहिले.

ही माहिती मुलीने वाचली आणि संध्याकाळी आमच्यापुढे येऊन बसली. "बाबा, नॅट नाही जोडायचं. याचं अजित बनवू."

"खोक्यात आहे तेच बनेल ना पोरी," आम्ही म्हणालो.

"नाही. दोन भाग जास्तीचे लागतात. ते आपणच बनवू."

अजितचाही तयार संच परदेशात निघाला आहे, पण तो पुन्हा विकत घ्यायचा तर पुन्हा एका सिलिंडरचे पैसे. शिवाय तिला विकतचे नकोच होते.

त्या दिवसांत आमचे दोघांचे फारसे पटत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. तिला आयटीआयला जायचे होते. आमचा विरोध होता. आम्ही म्हणत होतो, हात काळे आम्ही केले, तू कॉलेजला जा, पंख्याखाली बसून नोकरी कर. नातेवाईकही तेच म्हणत. ती उलट बोलत नसे, पण जेवताना मान वर करत नसे.

पंखाखाली ज्या पट्टीला बॉम्ब किंवा टाकी अडकवतात, तिला पायलन म्हणतात. खोक्यात दोन होते, हवे होते चार, आणि चारही एकसारखे. माप कसे काढायचे? पोरीने बाजूने काढलेला अजितचा फोटो घेतला. खरी लांबी 9.04 मीटर, ती 72 ने भागली की साडेबारा सेंटिमीटर. फोटोतली लांबी पट्टीने मोजली, फोटोतला पायलन मोजला आणि त्रैराशिक मांडले. सातवीतले गणित, पण पहिल्यांदा कामाला आले.

जुन्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा कापून तिने तो घासायला घेतला. आधी कानस, मग 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग पाणी लावून 1000 चा. आम्ही पाहत होतो. दोन दिवस घासलेला तुकडा तिने मापाला लावला आणि कचऱ्यात टाकला. अर्ध्या मिलिमीटरने कमी भरला होता. आम्ही काही बोललो नाही, पण मनात म्हणालो, वर्कशॉपात असा माणूस शोधूनही सापडत नसे.

दुसरा तुकडा मापाचा झाला. चार तुकडे हाताने घासले तर चारही वेगळे होतील. त्यापेक्षा एक नीट घडवायचा आणि त्याचे चार ओतायचे. पंखाला लागणारी बाजू खाली करून तो तुकडा काचेवर चिकटवला. भोवती पुठ्ठ्याची चौकट केली आणि त्यात दोन भागांचे सिलिकॉन रबर पुडीवरच्या प्रमाणात मिसळून ओतले. रात्रभरात ते घट्ट झाले. तुकडा काढला आणि साचा तयार.

साच्यात ओतायला फायबरग्लासच्या कामाचे पॉलिस्टर रेझिन आणले, नागपूरच्या बाजारात ते सुटे मिळते. पहिल्या दिवशी फजिती झाली. मे महिन्याची दुपार, नागपूरचे ऊन, त्यात हार्डनर अंदाजाने टाकले. साच्यात ओतायच्या आधीच कपात रेझिन गोठले, कप तापला आणि धूर निघाला. "घरात काहून हे धंदे!" म्हणत सौ.नी सगळे अंगणात काढले. त्यांचे बरोबर होते. त्या वासात मुलांनी बसूच नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता बसलो. 50 ग्रॅम रेझिनला अर्धा ग्रॅम हार्डनर, म्हणजे शंभराला एक, बिनसुईच्या सिरिंजने मोजून. साच्यात आधी टाल्कम पावडर फिरवून झटकली, म्हणजे रेझिन कोपऱ्यांत नीट शिरते. मग एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतले, म्हणजे हवा पुढे सरकत निघून जाते आणि बुडबुडे राहत नाहीत. हवेत उघडे राहिले तर पॉलिस्टर वरून चिकट राहते, म्हणून वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद दाबला. सहा ओतले. दोनांत बुडबुडे निघाले, चार साधले.

पुढे आणखी एक धडा मिळाला. संचाचे प्लास्टिक जोडायचा गोंद रेझिनला धरत नाही, तिथे झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट लागते. कच्चे रेझिन प्लास्टिकला लागले तर ते विरघळते, म्हणून भाग पूर्ण वाळू द्यावा. अजितची वैमानिकाची खुर्चीही वेगळी होती. ती ओतणे आम्हाला जमले नाही. काचेचे झाकण बंद ठेवून तेवढे झाकून नेले, हे खरे ते सांगतो.

ज्या घरी हे करायचे असेल त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. काम उघड्यावर करावे, मोठे माणूस जवळ असावे. हातमोजे आणि चष्मा घालावा, कारण हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. रेझिन लवकर धरावे म्हणून कोबाल्टचे औषध वेगळे देतात. ते आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नये, भडका उडतो. वाळलेला भाग पाण्यात भिजवूनच घासावा, धूळ छातीत जाते.

विमान आता टीव्हीवर उभे आहे. तळहातात मावते. चार पायलन एका रांगेत, कोणता कोणापेक्षा वेगळा ते सांगता येत नाही.

रंग वाळत होता त्या रात्री मुलीने आम्हाला एक कागद दाखवला. मिहानमध्ये 2017 साली फ्रान्सच्या दसॉल्त कंपनीच्या भागीदारीतल्या कारखान्याचा पाया घातला गेला. तिथे फाल्कन विमानांचे भाग बनू लागले. 2019 मध्ये त्याच कंपनीच्या साहाय्याने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिला तिथेच जायचे होते. इतके दिवस तिने सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते.

आम्ही हात काळे झाल्याचे दुःख सांगत राहिलो. त्या हातांना काय येत होते, ते मात्र पोरीला कधी सांगितले नाही. अर्ध्या मिलिमीटरसाठी दोन दिवसांची मेहनत टाकून देणारी पोर ते आमच्याकडे बघूनच शिकली असेल, तर तिला अडवणारे आम्ही कोण?

फॉर्म भरून झाला आहे. यादी लागायची आहे. आमची जुनी कानस आम्ही तेल लावून, कापडात गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवली आहे.