जोडणीचें नांव जोडणीलाच विचारावें

ब्लेंडर हा त्रिमिति चित्रें घडविणारा संगणकी कार्यक्रम. त्यास नवें कसब देणारी, पायथॉन भाषेंत लिहिलेली जोडणी म्हणजे अ‍ॅड-ऑन. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी ब्लेंडर तिच्या पॅकेजच्या नांवाखालीं जपतो. त्या मागावयाच्या, तर नांव बिनचूक हवें. पुष्कळ लेखक तें सरळ अक्षरांत लिहून टाकीत. २०२४ सालीं ४.२ ही आवृत्ति आली, आणि एक्स्टेन्शन म्हणून बसविलेल्या जोडणीचें नांव तिपदरी झालें : आरंभीं ‘बीएल_ईएक्सटी’, मग भांडाराचें नांव, शेवटीं तिचें स्वतःचें. शाळेच्या पटावर बंडू नसतो, पूर्ण नांव असतें! जुन्या नांवानें हांक मारली कीं ‘असा कोणी नाहीं’ हें उत्तर, व काम तेथेंच थांबतें.

उपाय मात्र सोपा. प्रत्येक मॉड्यूलला पायथॉन आपण होऊन ‘पॅकेज’ हा शब्द देतो, मागेंपुढें दोन-दोन अधोरेषा असलेला. त्यांत पॅकेजचें चालू नांव असतें. (‘नेम’ हा त्याचा भाऊ आंतल्या मॉड्यूलांत उपयोगाचा नाहीं, तो मॉड्यूलचें नांवही शेपटासारखें जोडतो.) पोटपॅकेजांतील मॉड्यूल मात्र पोटपॅकेजचेंच नांव सांगतें, तेथें हा शब्द मूळ पॅकेजांतून आयात करावा. ठिपक्यावर तोडून पहिला तुकडा घेण्याची जुनी युक्ति आतां फसते, कारण तो तुकडा सर्व एक्स्टेन्शनांचा एकच.