शेवटच्या फेरीला ‘नको’ म्हणा

भिशीची सहल असो की माहेरच्या मंडळींची, कोकणात जायचं ठरलं की वेळापत्रक कोलमडतंच. कोल्हापूर-सांगलीहून पहाटे पाचला निघायचं ठरतं, गाडी हलते साडेसातला. वाटेत चहा, एखादं देवदर्शन, मग मालवणात माशांचं जेवण. तारकर्लीच्या वाळूत पाय टेकेपर्यंत पाच वाजून गेलेले असतात. पोरांना वॉटर स्कूटरवर बसायचंच असतं, तिथे रांग असते. नंबर लागतो तेव्हा सूर्य पाण्याला टेकलेला असतो. अशा वेळी एखादा चालक हमखास म्हणतो, ‘‘बसा ताई, शेवटची फेरी आहे, पैसे कमी करतो.’’

मैत्रिणींनो, ही शेवटची फेरी घेऊ नका. नुसतं ‘नको’ म्हटलं की ‘आई घाबरटच आहे’ म्हणून घरचे मोकळे होतात, म्हणून कारणंही सांगते.

वॉटर स्कूटर म्हणजे आपण जिला सरसकट जेट स्की म्हणतो ती. (जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीचं नाव. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो ना, तसंच.) रस्त्यावरच्या स्कूटरला पुढे दिवा असतो, हिला साधारणपणे नसतोच. समुद्रात टक्कर होऊ नये म्हणून १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. भारतही ते मानतो. त्यानुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत इंजिनाच्या बोटीनं दिवे दाखवायलाच हवेत. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि शिवाय पांढरा. यामागची युक्ती मोठी साधी आहे. अंधारात समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती बोट सरळ आपल्याच अंगावर येतेय. एकच रंग दिसला तर ती आडवी चाललीय, आणि रंगावरून कुठल्या बाजूला तेही कळतं. रात्री मासेमारीला जाणारी माणसं याच दिव्यांच्या भाषेत एकमेकांशी बोलतात. बिनदिव्याची स्कूटर त्यांना दिसतच नाही. या गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या माहितीपुस्तकात अंधारात चालवू नका असंच सांगतात. तेव्हा ‘रात्री चालते हो, काही होत नाही’ असं कोणी म्हणालं, तर तो नियमाबाहेरचं बोलतोय हे पक्कं समजा.

हँडलला बांधलेली बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड म्हणजे हे दिवे नव्हेत. उलट त्यानं नुकसानच. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एकदा पांढरा झोत डोळ्यांवर पडला की सगळी कमाई गेली.

आता गाडीविषयी. आपल्या किनाऱ्यांवरच्या बऱ्याच गाड्यांना ब्रेक नसतो. खालून पाणी ओढायचं आणि मागून जोरानं फेकायचं, यावर ती पळते. वळतेसुद्धा त्याच झोतावर. म्हणजे एक्सलेटर सोडला की हँडल कितीही फिरवा, ती वळत नाही, सरळच जात राहते. घाबरल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? एक्सलेटर सोडतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात ती एका सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. संधिप्रकाशात जाळ्याची बोयरी, नांगरलेली होडी किंवा पाण्यातला खडक दहा मीटरवर आल्यावर दिसला, तर विचार करायलाही सवड मिळत नाही.

आणि कोणी पाण्यात पडलंच तर? पाण्यावर दिसतं ते फक्त डोकं, नारळाएवढं. भर दुपारी लाटांमध्ये ते शोधताना नजर चुकते, तिथे सातच्या अंधारात काय सापडणार? गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ‘दृष्टी’चे जीवरक्षक आहेत, पण तेसुद्धा बुरुजावर असतात ते दिवसाउजेडी.

आता जरा अवघड विषय. कोणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. या गाडीच्या मागच्या बाजूला एक इशारा चिकटवलेला असतो. इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असल्यानं कोणी वाचत नाही. मागे बसलेली व्यक्ती झटक्यानं मागच्या मागे पडली, तर पाण्याचा झोत योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून आत घुसून गंभीर इजा होऊ शकते, असं त्यात म्हटलेलं असतं. नेहमीचा पोहण्याचा पोशाख त्याला पुरत नाही. लेगिंग तर नाहीच नाही. त्यासाठी जाड रबरी चड्डी, म्हणजे वेटसूटचा खालचा भाग लागतो. आपल्याकडे तो क्वचितच मिळतो. म्हणून निदान एवढं तरी करा. शेवटच्या टोकाला तिसरी म्हणून बसू नका, पुढच्याला घट्ट धरा, आणि चालकाला आधीच सांगून ठेवा, ‘दादा, एकदम वेग घ्यायचा नाही.’ पडल्यावर रक्तस्राव झाला किंवा ओटीपोटात दुखू लागलं, तर लाजून गप्प बसू नका. घरी गेल्यावर बघू म्हणून चालत नाही, तडक रुग्णालय गाठा. दिवस गेलेल्या बाईनं तर या गाडीवर बसूच नये.

ओढणी, पदर आणि मोकळे केस यांचंही तसंच. गाडीच्या पोटाखाली पाणी ओढणारी जाळी असते, ती कापड आणि केसही ओढते. पाण्यात उभं राहून चढताना इंजिन बंद हवं. ओढणी किनाऱ्यावर ठेवा, केसांचा अंबाडा घाला.

लाइफ जॅकेट दिलं म्हणजे झालं असं नाही. सगळी बक्कलं लावून झाल्यावर कोणाला तरी खांद्याकडून ते वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून देणं हा तर निव्वळ समाधानाचा प्रकार, त्यातून मूल खाली निसटतं. चालकाच्या मनगटाला एक दोरी असते, बहुधा लाल. तो पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. पुष्कळदा ती हँडललाच गुंडाळलेली दिसते. ‘दादा, दोरी हाताला लावा’ म्हणायला काय जातंय?

महाराष्ट्रात या खेळांना मेरीटाईम बोर्डाचा परवाना लागतो, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याची नोंदणी. पैसे देण्याआधी परवाना बघायला मागा. खरा माणूस चिडत नाही, दाखवतो. त्यावरची वेळ आणि मुदत वाचा, विमा आहे का तेही विचारा. परवान्याबाहेरच्या वेळी अपघात झाला, तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हे खेळ बंद असतात, तेव्हा जुलैत कोणी बसवत असेल तर तिथून सरळ पुढे चालू पडा.

हे नियम फक्त आपल्याकडेच कडक आहेत असं वाटत असेल, तर लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी सांगते. फ्लोरिडात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत ही गाडी चालवायला कायद्यानं बंदी आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला ती चालवता येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्याला भाड्यानं देता येत नाही. जावई कितीही हौशी असू दे.

कोकणात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातच्या आसपास. त्यानंतर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं उजेड राहतो. म्हणून सहलीचा क्रम उलटा करा, आधी पाणी, मग मासे. चारपर्यंत किनाऱ्यावर पोचणार नसाल, तर फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. तेव्हा पाणी बहुधा शांत असतं आणि गर्दीही कमी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि ११२ मोबाइलमध्ये घालून ठेवा. फोन केलात तर किनाऱ्याचं नाव, माणूस शेवटचा कुठे दिसला आणि किती वाजता, हे आधी सांगा.

रात्रीचा समुद्र बघायचाच असेल तर थंडीच्या दिवसांत अंधाऱ्या पक्षात जा. कोकणात काही रात्री लाटा निळसर चमकतात, पाण्यातल्या बारीक जीवांमुळे. ते किनाऱ्यावर उभं राहूनच छान दिसतं, आणि त्याचं तिकीटही लागत नाही.