येणारा मेल येतो, जाणारा का अडतो?

घरच्या संगणकावर मेल येत राहतो, पण पाठवलेला मेल आउटबॉक्समध्ये बसून राहतो, ही तक्रार जुनी आहे. ती आली की बहुतेक घरांत ठरलेले उपाय सुरू होतात. संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, पासवर्ड बदलायचा, आणि तरीही जमलं नाही तर मेलच्या प्रोग्रॅममधून अख्खं खातं काढून पुन्हा टाकायचं. यातला शेवटचा उपाय धोक्याचा आहे. पीओपी पद्धतीच्या खात्याचे जुने मेल अनेकदा फक्त त्या संगणकावरच साठवलेले असतात, आणि खातं काढताना तेही जाऊ शकतात. माझं म्हणणं असं की कुठल्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी मेल नेमका कुठे थांबला ते पाहावं. तो आउटबॉक्समध्ये आहे, की ‘सेंट’मध्ये जाऊनही समोरच्याला मिळालेला नाही, की नकाराची चिठ्ठी घेऊन परत आला आहे? या तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत.

‘मेल येतोय, म्हणजे आमचं सगळं ठीक आहे,’ असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही, कारण यायची आणि जायची वाट एक नाही. मेल घेण्यासाठी पीओपी किंवा आयमॅप, आणि पाठवण्यासाठी एसएमटीपी. सर्व्हर वेगळा, पोर्ट वेगळं. थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम तर दोन्हींचे पासवर्डही वेगवेगळे साठवतो, त्यामुळे एक नवा आणि दुसरा जुना राहू शकतो. या फरकामागे इतिहास आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपीचे नियम लिहिले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख विचारण्याची सोयच त्यात नव्हती. रस्त्यावरच्या टपालपेटीत कुणीही पत्र टाकावं, तसं. पत्र नेताना मात्र घर कुणाचं हे पाहिलं जायचं, म्हणून मेल घ्यायला पासवर्ड आधीपासून लागत होता. १९९०च्या दशकात नको असलेल्या जाहिरातींचा पूर आला आणि हा मोकळेपणा महागात पडला. १९९८ साली मेल सोपवण्यासाठी ५८७ हे वेगळं पोर्ट नेमलं गेलं, १९९९ साली ओळख पटवण्याची रीत ठरली, आणि अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांसाठी जुनं २५ नंबरचं पोर्ट बंद केलं. म्हणून येणारा मेल सुरळीत आणि जाणारा बंद, असं असेल तर आधी जाणाऱ्या सर्व्हरचं पान उघडावं. पोर्ट २५ असेल, तर मेलसेवेच्या सूचनेप्रमाणे ५८७ किंवा ४६५ करावं. ‘या सर्व्हरला ओळख द्यावी लागते’ अशा अर्थाची चौकट रिकामी असेल, तर खूण करावी. आणि दोन्ही दिशा एकदम बंद पडल्या असतील, तर कारण सामाईक आहे: नेट, पासवर्ड किंवा संगणकाची तारीख.

पाठवण्याचं बटण दाबल्यावर जे घडतं ते खरं म्हणजे एक छोटं संभाषण असतं. प्रोग्रॅम आधी नमस्कार करतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता सांगतो, मग घेणाऱ्याचा. प्रत्येक वेळी सर्व्हर २५० म्हणतो, म्हणजे ‘ठीक’. मजकूर द्यायची परवानगी ३५४ या आकड्याने मिळते. मजकूर संपला हे सांगायला प्रोग्रॅम एका ओळीत नुसतं एक टिंब पाठवतो. त्यावर पुन्हा २५० आलं, की पत्राची जबाबदारी सर्व्हरची. ते येईपर्यंत पत्र आउटबॉक्समध्येच राहतं. चूक सांगणारा संदेश दिसला की लोक तो घाईघाईने बंद करतात, कारण तो बोजड इंग्रजीत असतो. पण त्यातले तीन आकडे पुरेसे असतात. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, थांबून पुन्हा पाहावं. ५ असेल तर नकार पक्का, तेच पत्र तसंच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. परत आलेल्या चिठ्ठीत ५.१.१ दिसलं, तर समोरचा पत्ता अस्तित्वातच नाही. तिथे आपल्या सेटिंगशी खेळत बसणं म्हणजे म्हशीच्या दुखण्यावर पखालीला इंगळाचा डाग.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे: ‘काल चालत होतं, आम्ही काहीच बदललं नाही.’ नसेल बदललं. पण पलीकडच्याने बदललं असेल. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्रॅममधून नुसत्या नेहमीच्या पासवर्डने होणारा प्रवेश थांबवायला सुरुवात केली. आता प्रोग्रॅमला गूगलच्या पानावरून परवानगी द्यावी लागते, किंवा दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. टीएलएस या सुरक्षा-पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ साली अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. विंडोज लाइव्ह मेलचा आधार तर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्येच काढून घेतला. दुसरा आक्षेप: ‘अँटीव्हायरस बंद केला की मेल जातो, मग बंदच ठेवू.’ हे मला मान्य नाही. मिनिटभर बंद करून पाहणं ही तपासणी झाली. त्याने मेल गेला, तर त्यातली फक्त मेल तपासण्याची सोय बंद करावी, पहारा उठवू नये.

फोटो जोडलेला मेल अडण्याचं कारण तर साधं गणित आहे. मेलची व्यवस्था मुळात अक्षरांसाठी बांधलेली, म्हणून फाइलचे प्रत्येकी तीन बाइट चार अक्षरांत बदलून पाठवावे लागतात. २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या आसपास जाते, आणि एका पत्राला २५ एमबीची मर्यादा घालणारा सर्व्हर ती नाकारतो. असं एक जड पत्र कधी कधी मागच्या सगळ्यांची वाट अडवतं. प्रोग्रॅम ऑफलाइन करून तेवढं एक काढावं.

‘एवढं कशाला, ब्राउझरमधून पाठवा की,’ असंही कुणी म्हणेल. तपासणी म्हणून याहून चांगला उपाय नाही: तिथून मेल गेला तर खातं ठणठणीत आहे आणि दोष घरच्या प्रोग्रॅमचा. तिथूनही परत आला तर घरचा संगणक निर्दोष. पण परत आलेली चिठ्ठी ब्राउझरमध्येही वाचावीच लागते, आणि मराठी माणसाला ती पुढे जास्त वाचावी लागणार आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मिळतं, आणि संपूर्ण देवनागरी मेलपत्ता असू शकतो. त्यासाठीचं तांत्रिक मानक २०१२ साली ठरलं. तरीही ते न स्वीकारलेले सर्व्हर आहेत. अशा पत्त्यावर पाठवताना पोर्ट बरोबर, पासवर्ड बरोबर, पत्ताही खरा, आणि पत्र मात्र परत. त्या चिठ्ठीत ५.६.७ हा आकडा असेल, तर सर्व्हरने आपली लिपी नाकारली आहे. तो आकडा टिपून मेलसेवेकडे तक्रार करावी, कारण ही दुरुस्ती तिथेच होऊ शकते.