कुकीची मुदत आणि अ‍ॅपची स्मृती
(लेखांक सातवा)

मागील लेखांकात आपण पाहिले की, एचटीटीपीच्या व्यवहारात प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जाते आणि एकदा उत्तर दिले की मागणारा कोण होता, याची आठवण ठेवण्याचे बंधन सर्व्हरवर नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची योजना केली. ब्राउझरची हद्द ओलांडून तीच योजना आज मोबाईलमधील अ‍ॅपच्याही कामी येते.

तिचे मर्म जाणण्यास नाशिककरांनी रामकुंडापर्यंत गेले तरी पुरे. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या असतात. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की नेमकी वही निघते व आज्या-पणज्यांची नावे वाचून दाखविली जातात. मात्र यात्रेकरूलाच आपले गाव सांगता आले नाही, तर ते भरगच्च दप्तर असून नसल्यासारखे. लॉगिनचा प्रकार याहून वेगळा नाही. ओटीपी मान्य होताच सर्व्हर आपल्या दप्तरी नोंद करतो आणि त्या नोंदीची खूण, म्हणजे कोणासही अंदाजाने हुडकता येऊ नये अशी लांबलचक अक्षरमाला, कुकीच्या रूपाने अ‍ॅपच्या हवाली करतो. पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती खूण हजर केली की ओळख पटते. म्हणून लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाला लावून मोबाईलवर भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याकडे अ‍ॅप दर खेपेस नव्याने ओटीपी मागू लागले, तर सर्व्हरला बोल लावण्यापूर्वी ती खूण अ‍ॅपने कोठे ठेवली होती, याची चौकशी करणे इष्ट.

या चौकशीत बहुधा दोन कारणे आढळतात. पहिले मुदतीचे. कुकी देताना सर्व्हरने ‘मॅक्स-एज=२५९२०००’ असे लिहिले, तर तिची मुदत तितके सेकंद, म्हणजे बरोबर ३० दिवस; पण मुदतीचा उल्लेखच नसेल, तर ती चालू सत्रापुरतीच समजावयाची. आयफोनमधील कुकी-संग्रह मुदतीच्या कुकीज आपणहून टिकवितो. बिनमुदतीच्या मात्र अ‍ॅप बंद होताच लयास जातात.

दुसरे कारण जागेचे, आणि घोटाळा अधिक होतो तो येथे. अँड्रॉइडवर जावाचा कुकीमॅनेजर, त्याला वेगळे काही सांगितले नसेल तर, कुकीज केवळ चालू मेमरीत धरतो. ओकेएचटीटीपी ही बहुतांच्या वापरातील लायब्ररी तर स्पष्ट आज्ञेखेरीज एकही कुकी ठेवीत नाही. वेबव्ह्यूच्या, म्हणजे अ‍ॅपच्या आतच वेबपाने दाखविणाऱ्या घटकाच्या, कुकीज कायम साठ्यात लिहिल्या जातात खऱ्या, परंतु तत्क्षणी नव्हे. तेवढ्यात प्रणालीने अ‍ॅप गुंडाळले, तर नुकतीच मिळालेली कुकी हातची जाते. यासाठी अँड्रॉइड ५.० पासून ‘फ्लश’ हा हुकूम उपलब्ध आहे. लॉगिन यशस्वी होताच तो द्यावा. आयफोनवर अडचण निराळी: वेबव्ह्यूचा कुकी-संग्रह आणि अ‍ॅपच्या स्वतःच्या मागण्यांचा कुकी-संग्रह हे परस्परांपासून अलग असल्याने एका बाजूस लॉगिन झालेला मनुष्य दुसऱ्या बाजूस परकाच राहतो, आणि कुकी एकीकडून दुसरीकडे पोहोचविण्याची जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्यावर येते.

टिकविण्याच्या भरात सुरक्षिततेचा विसर पडता कामा नये. ही खूण ज्याच्या हाती लागेल तो सर्व्हरच्या लेखी खातेदारच. सबब ती साध्या फाइलीत उघडी न ठेवता आयफोनवर कीचेनमध्ये ठेवावी, आणि अँड्रॉइडवर कीस्टोअरमधील किल्लीने कुलूपबंद करावी.

अ‍ॅप लिहिणाऱ्यांना एवढेच सांगणे की, लॉगिन करून लगोलग अ‍ॅप सक्तीने बंद करावे, फोनही एकदा बंद-चालू करावा, आणि पुन्हा उघडल्यावर ओळख शाबूत असेल तरच काम पुरे झाले असे समजावे. लॉगआउट केल्यावर सर्व्हरच्या दप्तरातील नोंद कशी रद्द करावी, याचा विचार पुढील लेखांकात करू.