वर जाता जाता पडायचं!

एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली शोधा. घरातल्या मोठ्या माणसाकडून तिला दोन बारीक भोकं पाडून घ्या. एक बुडाशी, दुसरं वर मानेजवळ. खालच्या भोकावर बोट दाबून बाटली अर्धी भरा, झाकण लावा आणि मैदानात चला. (घरात नको. मी घरात केलं होतं, मग फरशीही मीच पुसली.)

बोट काढलं, की पाण्याची धार लागेल. आता हात उंच करून बाटली नुसती सोडून द्या. ती जमिनीवर आदळेपर्यंत धार गायब! बाटली पडतेय, पाणीही त्याच वेगाने पडतंय, मग पाण्याने बाटलीबाहेर पडायचं कशाला? बाटलीच्या आत त्या पाण्याला जणू वजनच उरलेलं नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटतं. खरी गंमत पुढे आहे. तीच बाटली सरळ वर फेकली तर? वर जात असताना धार लागेल की नाही? मैत्रिणींना, भावाला, जमलं तर गणिताच्या सरांनाही विचारा. बहुतेक जण म्हणतील, “वर जाताना लागेल, खाली येताना थांबेल.” मग फेकून दाखवा. धार वर जातानाही बंदच असते!

कारण बाटली हातातून सुटली, त्याच क्षणी तिचं ‘पडणं’ सुरू झालेलं असतं. ती वर जात असते ती हाताने दिलेल्या वेगामुळे. पण तो वेग दर क्षणाला तेवढाच घटत असतो, जेवढा खाली येताना दर क्षणाला वाढतो. बाटलीचा घटतो, तसाच पाण्याचाही घटतो. दोघं जोडीने वर, जोडीने खाली. म्हणजे वर जाता जातासुद्धा पडता येतं. आता ही बाटली आपण अडीचशे किलोमीटर उंच फेकू.

त्यासाठी जावं लागेल स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुना गावाजवळच्या एसरेंज नावाच्या रॉकेटतळावर. हा भाग उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. हिवाळ्यात काही दिवस सूर्य उगवतच नाही, रेनडिअरचे कळप फिरत असतात आणि आकाशात हिरवे ध्रुवीय प्रकाश नाचतात. १९६६ पासून इथून रॉकेटं उडतात. ती उपग्रह सोडत नाहीत. नुसती वर जातात आणि परत येतात! त्यांना म्हणतात साउंडिंग रॉकेट. खलाशी दोरीला शिशाचा गोळा बांधून समुद्राची खोली मापायचे, त्या मापण्याला इंग्रजीत साउंडिंग म्हणत. तोच शब्द वरच्या हवेचा ठाव घेणाऱ्या रॉकेटांना चिकटला. आपल्या केरळातल्या थुंबा गावाहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेलं पहिलं रॉकेटही याच जातीचं होतं.

थुंब्याचं रॉकेट वरच्या हवेचा अभ्यास करायला गेलं होतं. एसरेंजहून मात्र डिसेंबर १९७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी ‘टेक्सस’ नावाची मालिका सुरू केली, ती खास वजनहीनतेसाठी. हवा कशी आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं फक्त पडणं, निवांत आणि भरपूर वेळ.

सुरुवातीला यासाठी ब्रिटिश रॉकेट वापरायचे, २००५ च्या अखेरीपासून ब्राझीलचं व्हीएसबी-३०. उकाड्याच्या देशात जन्मलेलं हे रॉकेट बर्फात उडतं! त्याच्या दोन टप्प्यांमधलं घन इंधन मिनिटभराच्या आत जळून जातं. तोवर त्याचा वेग होतो सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर. या वेगाने पुणे ते मुंबई सव्वा मिनिटात! इंजिनाचं काम संपलं, की प्रयोगांचा डबा रिकाम्या इंजिनापासून सुटा होतो. आता तो डबा म्हणजेच आपली बाटली. हातातून सुटलेली.

आता एक अडचण. तुम्ही बाटली फेकताना तिने गिरक्या घेतल्या, तर पाणी भोकातून बाहेर उडतं आणि प्रयोग फसतो. रॉकेटला तर मुद्दामच गिरक्या देतात, सेकंदाला दोन-तीन. भोवरा फिरता असला की सरळ उभा राहतो ना, तसंच फिरतं रॉकेटही वाट सोडत नाही. मग वर गेल्यावर या गिरक्या थांबवायच्या कशा? यो-योने! चेष्टा नाही, त्या यंत्रणेचं नावच यो-यो आहे. डब्याभोवती दोन तारा गुंडाळलेल्या असतात, टोकांना वजनं. ठरल्या क्षणी ती सोडली, की गरगरत दूर जातात, तारा उलगडतात आणि फिरण्याचा सगळा जोर स्वतःबरोबर घेऊन निघून जातात. डबा शांत. उरलीसुरली डुगडुग वायूचे छोटे फवारे थांबवतात. मला विचाराल तर अख्ख्या रॉकेटमधली सगळ्यात झकास युक्ती हीच.

साधारण शंभर किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते, की डब्याला अडवणारं कुणी नाही. तिथून तो अडीचशेपर्यंत चढतो आणि पुन्हा शंभरपर्यंत उतरतो. चढायला तीन मिनिटं, उतरायला तीन. एकूण सहा मिनिटं सगळं तरंगत!

थांबा, “तिथे गुरुत्वाकर्षणच नसतं म्हणून तरंगतात” असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका. अडीचशे किलोमीटर उंच शिडी करून तिच्यावर १०० किलोचा पैलवान चढवला आणि वजनकाट्यावर उभा केला, तर काटा ९२-९३ किलो दाखवेल. गुरुत्वाकर्षण जवळजवळ तेवढंच आहे. पैलवान काट्यासकट पडू लागला तरच काटा शून्यावर येईल.

सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं वाटतं? जर्मनीत ब्रेमेन शहरात १४६ मीटरचा मनोरा आहे. त्याच्या आतल्या नळीतली हवा काढून घेतात आणि वरून प्रयोगाची पेटी सोडतात. तिथे मिळतात पावणेपाच सेकंद. नंतर त्यांनीही आपल्यासारखाच विचार केला. पेटी खालून वर फेकायची! पडण्याचा वेळ लगेच दुप्पट, नऊ सेकंदांहून जास्त. विमानाने कमानीसारखी झेप घेतली, तर विसेक सेकंद मिळतात. त्यापुढे सहा मिनिटं म्हणजे चंगळच.

या चंगळीत करतात काय? ताक थोडा वेळ ठेवलं, की दाट खाली बसतं आणि निवळ वर येतं. वितळलेल्या धातूंच्या मिश्रणातही जड खाली, हलकं वर असंच चालतं. वजनच नसलं, की खाली-वरही नाही. म्हणून २००८ साली ‘मेझर’ नावाच्या स्वीडिश मालिकेतल्या रॉकेटात अ‍ॅल्युमिनिअमचा चक्क फेस करून तो क्ष-किरणांनी पाहिला. जपानी शास्त्रज्ञांनी टेक्ससमध्ये इंधनाचे थेंब जाळले. जमिनीवर गरम हवा वर जाते म्हणून ज्योत टोकदार होते. तिथे ‘वर’च नाही, म्हणून ज्वाळा गोल!

माशांची चिमुकली पिल्लंही जाऊन आली. त्यातली काही नेहमीसारखी पोहली, काही गोल गोल गरगरू लागली. आपल्यापैकी काहींना घाटात गाडी लागते आणि काही खुशाल भडंग खात बसतात, त्यातलाच प्रकार. माशांच्या कानात बारीक खडे असतात. डाव्या-उजव्या खड्यांच्या वजनात फरक असलेल्या माशांना गाडी लागत असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

माझा लाडका प्रयोग मात्र काराचा. कारा हे गोड्या पाण्यातलं शेवाळ. त्याच्या मुळांसारख्या बारीक तंतूंत, टोकाजवळ, जड स्फटिकांचे कण असतात. तंतूला खालची दिशा कळते ती त्यांच्यामुळे. हे कण टोकाच्या जरा वर का थांबतात, अगदी तळाशी का बसत नाहीत? टेक्ससमध्ये वजन नाहीसं झालं आणि कण चक्क टोकापासून दूर, वरच्या बाजूला सरकले. म्हणजे पेशीतले धागे त्यांना सतत वर ओढत होते! जमिनीवर एकीकडे वजन, दुसरीकडे धागे, अशी रस्सीखेच चालू होती. एका बाजूने दोर सोडला, तेव्हाच दुसरी बाजू दिसली.

सहा मिनिटं संपली, की डबा पुन्हा हवेत शिरतो, पॅराशूट उघडतं, तो बर्फाळ रानात उतरतो आणि हेलिकॉप्टर त्याला लटकवून परत आणतं. डबा वर असताना शास्त्रज्ञ खाली पडद्यावर प्रयोग बघत असतात, मधेच सूचनाही पाठवतात.

तुमची बाटली आणायला हेलिकॉप्टर येणार नाही, तेव्हा झेलायला कुणाला तरी उभं करा. मानेजवळचं भोक विसरू नका. ते नसेल तर आत हवा जाणार नाही आणि धार जमिनीवरच अडेल. बाटली गिरक्या घेऊ लागली तर काय करायचं, ते शोधा आणि मला कळवा. यो-यो कुणी जोडलाच, तर चित्र काढून पाठवा.