प्रश्न बदलता येतो तोवर

प्रबंध बांधून विद्यापीठात जमा झाल्यावर त्यातला मूळ प्रश्नच चुकला होता हे कुणी दाखवून दिलं, तर त्याचा उपयोग कुणालाच होत नाही. विद्यार्थ्याची चार-पाच वर्षं गेलेली असतात, गाइडचं नाव त्यात गुंतलेलं असतं, आणि परीक्षकही सहसा मोडता घालत नाहीत. किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि व्हायवा पार पडतो. हे सगळ्याच विषयांत होतं. पण काम अर्धवट असतानाच ते वापरणाऱ्याला दाखवा, या आग्रहावरच जो विषय उभा आहे, त्या अजाइल सॉफ्टवेअर विकासावरची पीएचडीसुद्धा अशीच व्हावी, हे मात्र अजब आहे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर एक निबंध लिहिला. आधी सगळ्या मागण्या, मग आराखडा, मग कोड, शेवटी चाचणी, अशी त्यातली आकृती पुढे ‘वॉटरफॉल’ म्हणून जगभर गाजली. ही रीत जशीच्या तशी राबवणं धोक्याचं आहे, कारण शेवटच्या चाचणीत निघालेला दोष सगळं काम पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवू शकतो, हेही रॉइस यांनी त्याच निबंधात सांगितलं होतं. आकृती सगळ्यांनी उचलली, इशारा तिथेच राहिला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला, तो या रीतीला कंटाळूनच. दोन-तीन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटी डेमो, मग काय चुकलं याची चर्चा करणारा रेट्रो, हे शब्द आता पुण्याच्या हिंजवडी-खराडीत रोजचे झाले आहेत. पीएचडीचं वेळापत्रक मात्र अजून वॉटरफॉलचंच आहे.

या क्षेत्रातल्या संशोधकांना ही विसंगती जाणवली नाही असं नाही. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग आणि अजाइल पद्धतींवरची ‘एक्सपी’ परिषद २००० मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर सुरू झाली. तिच्या जोडीने डॉक्टोरल सिम्पोझियमही भरत आलं आहे. त्याची पद्धत साधी आहे. विद्यार्थी काही पानांचा आराखडा पाठवतो: प्रश्न कोणता, आधी काय झालं आहे, माहिती कशी गोळा करणार, आत्तापर्यंत काय हाती लागलं. मग तो दुसऱ्या विद्यापीठांतल्या अनुभवी संशोधकांसमोर आणि आपल्यासारख्याच इतर विद्यार्थ्यांसमोर मांडतो. इथे गुण नाहीत, पास-नापास नाही. प्रश्न अजून बदलता येतो अशा वेळी, ज्यांचं आपल्या प्रबंधात काही अडकलेलं नाही अशांनी केलेली चिरफाड, एवढंच त्याचं मोल. माझ्या मते या विषयात तेवढ्यावाचून चालत नाही, आणि त्याचं कारण विषयाच्या स्वभावातच आहे.

उदाहरणादाखल एक प्रस्ताव कल्पून पाहू. विद्यार्थ्याला सिद्ध करायचं आहे की स्क्रम, म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करण्याची अजाइल पद्धत, स्वीकारल्यावर टीमची उत्पादकता वाढते, आणि मोजमाप म्हणून त्याने व्हेलॉसिटी घेतली आहे, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये टीमने संपवलेले स्टोरी पॉइंट. वरवर पाहता सगळं चोख वाटतं; आकडे आहेत, आलेख निघेल. पण स्टोरी पॉइंट हे काही सेंटिमीटर नव्हे. एखादं काम किती अवघड आहे याचा तो त्या टीमनेच आपसांत ठरवलेला अंदाज असतो. एका टीमचे पाच आणि दुसऱ्या टीमचे पाच यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यात या आकड्यावरून आपल्याला जोखलं जाणार आहे असा सुगावा लागला, की कालपर्यंत तीन पॉइंटचं असलेलं काम आज निमूटपणे पाच पॉइंटचं होतं. आलेख चढतो, काम तेवढंच राहतं. ही गोष्ट ज्याने टीममध्ये बसून प्लॅनिंग केलं आहे त्याला पाच मिनिटांत दिसते. संख्याशास्त्रात मुरलेल्या पण प्लॅनिंगच्या खोलीत कधी न बसलेल्या गाइडला ती दिसेलच असं नाही. दुसऱ्या वर्षी कुणी हे बोललं तर प्रश्नच नव्याने मांडता येतो. पाचव्या वर्षी बोललं, तर ‘संशोधनाच्या मर्यादा’ या प्रकरणात दोन ओळी वाढतात.

दुसरी अडचण श्रद्धेची. अजाइलचे पुरस्कर्ते तळमळीचे आहेत, आणि ती तळमळ संशोधनात फार लवकर शिरते. नॉर्वेतले टोरे डायबो आणि टोर्गेइर डिंगसॉयर यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. शोधात जवळपास दोन हजार निबंध सापडले, आणि अनुभवजन्य पुरावा म्हणून स्वीकारण्याजोगे निघाले ३६. पेअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे एकाच संगणकावर दोघांनी बसून कोड लिहिण्याची कथाही बोलकी आहे. विद्यार्थ्यांवरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत दोघांचा मिळून वेळ थोडाच जास्त लागला आणि दोष कमी निघाले, तेव्हा अनेकांना वाद मिटल्यासारखं वाटलं. मग २००७ मध्ये एरिक अरिशोल्म आणि सहकाऱ्यांनी नोकरी करणाऱ्या २९५ जावा प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला. एकंदरीत खर्ची पडलेले श्रम ८४ टक्के वाढले, आणि बिनचूक उत्तरांच्या प्रमाणात एकूण फरक ठळक नव्हता. गुंतागुंतीच्या प्रणालीवर मात्र बिनचूक उत्तरं ४८ टक्के जास्त आली, आणि हा फायदा प्रामुख्याने नवशिक्यांच्या जोड्यांना झाला. म्हणजे ‘जोडीने काम केलेलं बरं का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुणी, कोणत्या कामावर, एवढं विचारलं की उत्तर मिळतं. प्रश्न असा बारीक करून घ्यायला बाहेरचा, थोडा खवचट श्रोता लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: संशोधन म्हणजे ॲप नव्हे; दर पंधरा दिवसांनी कुणाला तरी खूश करत राहिलं तर सखोल विचार कधी करायचा? आक्षेपात तथ्य आहे. ग्राहकाला काय हवं ते ग्राहक सांगू शकतो; खरं काय, ते कुठलंही पॅनेल हात वर करून ठरवू शकत नाही. पण अभिप्रायाचं काम उत्तर मंजूर करणं नव्हे, प्रश्नाची तपासणी करणं आहे. ती वारंवार नको, वेळेवर हवी. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात रशिना होडा यांनी स्वतःचं काम स्वतः आखणाऱ्या अजाइल टीमवर पीएचडी केली. त्यासाठी न्यूझीलंड आणि भारतातल्या २३ संस्थांतल्या ५८ जणांशी त्या बोलल्या. पद्धत होती ग्राउंडेड थिअरी, म्हणजे आधी सिद्धान्त ठरवून पुरावे न जमवता मुलाखतींमधून सिद्धान्त उभा करायचा, आणि पुढची मुलाखत कुणाची घ्यायची हे आधीच्या मुलाखतींनी ठरवायचं. अशा कामाला चार वर्षं लागतात, आणि तरी त्यात प्रत्येक टप्प्यावर दिशा तपासून घ्यावी लागते. सखोलपणा आणि अभिप्राय यांचं वैर आहे हे गृहीतच कच्चं आहे.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: कल्पना कुणी पळवली तर? पळवली जाऊ शकते. पण तारखेसकट, लेखी स्वरूपात, दहाजणांसमोर मांडलेली कल्पना पळवणं हे टपरीवरच्या गप्पांत ऐकलेली कल्पना पळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. तीन जाणकार तीन दिशा दाखवतात, आणि कच्चा विद्यार्थी तिघांचंही ऐकायला जातो. त्यामुळे सिम्पोझियम हा गाइडला पर्याय नाही. आलेल्या सूचनांतून काय टाकायचं हे परत येऊन त्याच्याशीच बोलावं लागतं. तिघांत मतभेद नेमका कशावर झाला, ही नोंदही कधी कधी सूचनांपेक्षा मोलाची ठरते.

आपल्याकडे नियम वाईट नाहीत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण करायचं असतं. मात्र समितीचा निमंत्रक गाइडच असतो, आणि इतर सदस्यही बहुधा त्याच विभागातले. समोर बसलेल्या सहकाऱ्याच्या विद्यार्थ्याला ‘तुझा प्रश्नच चुकलाय’ असं कोण म्हणणार? २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. बाहेरचा अभिप्राय मिळावा हा हेतू त्यात असणारच, पण सक्तीने पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांचं फावलं. २०२२ मध्ये ती अट गेली ते बरंच झालं. तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, एवढंच.

अजाइलवर पीएचडी करू पाहणारा महाराष्ट्रातला विद्यार्थी पुष्कळदा नोकरी सांभाळून, कंपनीचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडून नाव नोंदवतो. तो स्वतः स्क्रम मास्टर असतो आणि आपल्याच टीमचा अभ्यास करायचं ठरवतो. माहिती हाताशी, माणसं ओळखीची. पण जो रोज सकाळी स्टँडअप, म्हणजे टीमची उभ्याउभ्याची छोटी बैठक, घेतो, त्याच्याच मुलाखतीत टीममधली मुलगी ‘स्टँडअप म्हणजे वेळेचा अपव्यय’ असं कशाला सांगेल? मुलाखत कुणी दुसऱ्याने घ्यावी, की टीमच दुसरी निवडावी, हा निर्णय पहिली मुलाखत रेकॉर्ड होण्याआधी व्हायला हवा. त्यासाठी संशोधनाची पद्धत जाणणारा प्राध्यापक आणि टीममध्ये घडतं काय हे जाणणारा इंजिनिअर, दोघं एका टेबलाशी लागतात. पुण्यात दोघेही आहेत. टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र तर १९८१ पासून इथे आहे. अशी बैठक दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बोलावायला कुठल्याही विद्यापीठाला नवा नियम लागत नाही. एखाद्या विभागाने शनिवारची एक दुपार आणि एक वर्गखोली राखून ठेवली तरी पुरतं.